लात्व्हिया आणि ‘युरोव्हिजन कॉयर’ स्पर्धा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईत समूहगायन करणाऱ्या आणि आवडीने ऐकणाऱ्या मराठी मंडळींकडून या स्पर्धेविषयी, त्यातही तीत दोनदा उतरलेल्या लात्व्हिया या लहानशा देशाविषयी, सतत विचारणा होत असते. बहुतेकांना आधी निकाल हवा असतो. निकाल दोन ओळींत सांगून होतो. तो तसा का लागला आणि त्याला किती महत्त्व द्यावे, हे सांगायला मात्र जागा लागते. त्यामुळे खालील उत्तरांपैकी काही अगदी आटोपशीर आहेत, तर काही बरीच लांबली आहेत.

‘युरोव्हिजन कॉयर’ ही स्पर्धा नेमकी काय आहे?

दरवर्षी मे महिन्यात गाजणाऱ्या युरोव्हिजन गीतस्पर्धेची ही धाकटी बहीण. युरोपातील सार्वजनिक प्रसारण संस्थांचा जो महासंघ आहे, म्हणजे युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियन, त्याने ‘इंटरकुल्टुअर’ या जर्मन संस्थेच्या सहकार्याने ती सुरू केली. ही संस्था समूहगायनाचे आंतरराष्ट्रीय मेळावे भरवण्यासाठी ओळखली जाते. स्पर्धेचे पहिले पर्व २२ जुलै २०१७ रोजी लात्व्हियाची राजधानी रिगा येथे आणि दुसरे ३ ऑगस्ट २०१९ रोजी स्वीडनमधील गॉथेनबर्ग येथे झाले. दोन्ही पर्वे दूरचित्रवाणीवरून थेट प्रक्षेपित झाली. व्यवसाय म्हणून न गाणाऱ्या वृंदांसाठी ही स्पर्धा योजलेली आहे. दिवसा नोकरी वा शिक्षण आणि संध्याकाळी सराव, असा ज्यांचा क्रम असतो तेच लोक येथे मंचावर दिसतात. पहिल्या पर्वात नऊ आणि दुसऱ्यात दहा वृंद होते. दर दोन वर्षांनी स्पर्धा भरवायची अशी मूळ योजना होती. तो क्रम कोरोनाच्या साथीत मोडला.

स्पर्धेत देश भाग घेतो की वाहिनी?

वाहिनी भाग घेते. देशाचे नाव फलकावर झळकत असले तरी प्रवेशिका पाठवते ती त्या देशातील महासंघाची सदस्य असलेली प्रसारण संस्था. लात्व्हियाच्या बाबतीत दोन्ही पर्वांत ती संस्था म्हणजे तेथील सार्वजनिक वाहिनी, लात्व्हियन टेलिव्हिजन, होती. कोणता वृंद पाठवायचा, त्याची निवड कशी करायची, हा त्या वाहिनीचा प्रश्न असतो. सरकार किंवा सांस्कृतिक मंत्रालय यांचा त्यात थेट संबंध नसतो.

हा मुद्दा एकदा लक्षात आला की पुढचा एक नेहमीचा प्रश्नही सुटतो. वेल्स आणि स्कॉटलंड स्वतंत्रपणे कसे उतरले, असे बरेच जण विचारतात. वेल्श भाषेतील एस-फोर-सी या वाहिनीने वेल्सचा वृंद दोन्ही वेळा पाठवला आणि २०१९ मध्ये गेलिक भाषेतील बीबीसी आल्बाने स्कॉटलंडचा पाठवला. ‘युनायटेड किंगडम’ या नावाने कोणीच उतरले नव्हते. दोन्ही वाहिन्या लहान भाषांच्या आहेत, ही गोष्ट योगायोगाची वाटत नाही. ज्या समाजात भाषा टिकवण्याचे काम गाण्याने केले आहे, त्याच समाजाच्या वाहिन्यांना अशा स्पर्धेत रस वाटावा हे साहजिकच आहे.

लात्व्हियाने किती वेळा भाग घेतला आणि निकाल काय लागला?

दोन पर्वे, दोनदा सहभाग आणि दोन्ही वेळा तिसरा क्रमांक.

२०१७ मध्ये लात्व्हियातर्फे ‘स्पीगो’ हा येल्गावा शहरातील मुलींचा वृंद गायला. स्लोव्हेनियाचा ‘कार्मेन मानेत’ हा स्त्रियांचा वृंद पहिला आला आणि वेल्सचा ‘कोर मेर्ख्ड सिर गार’ दुसरा. २०१९ मध्ये यानिस ओझोल्स यांच्या संचालनाखालील ‘मास्का’ हा वृंद लात्व्हियातर्फे उतरला. त्या वर्षी डेन्मार्कच्या ‘व्होकल लाइन’ने बाजी मारली आणि स्लोव्हेनियाचा ‘याझ्वा’ दुसरा आला. गंमत अशी की मुख्य युरोव्हिजन गीतस्पर्धेतही लात्व्हियाने २००० साली पदार्पण केले तेव्हा ‘ब्रेनस्टॉर्म’ हा त्यांचा बँड तिसराच आला होता; तेथे मात्र दोनच वर्षांनी, २००२ मध्ये, त्यांनी विजेतेपद पटकावले.

पहिले पर्व रिगामध्येच का झाले?

त्या आठवड्यात ‘इंटरकुल्टुअर’चा युरोपियन कॉयर गेम्स हा मोठा मेळावा रिगामध्ये भरला होता. त्यापूर्वी २०१४ मध्ये याच शहराने वर्ल्ड कॉयर गेम्सचे यजमानपद सांभाळले होते. म्हणजे हजारो गायक-गायिका, त्यांचे संचालक, त्यांच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था आणि ऐकायला येणारा जाणकार श्रोता, हे सगळे शहरात आधीच हजर होते. दूरचित्रवाणीने तेथे आपले कॅमेरे आणि अरीना रिगा या बंदिस्त क्रीडागृहातला मंच तेवढा उभा केला. २०१९ मध्येही गॉथेनबर्गमध्ये हेच केले गेले. स्पर्धा तेथे भरलेल्या युरोपियन कॉयर गेम्सला जोडून घेण्यात आली.

अर्थात या सोयीपलीकडचे एक कारण होतेच. समूहगायनाची दूरचित्रवाणी स्पर्धा प्रथमच भरवायची आणि सभागृह रिकामे दिसायला नको, तर युरोपात रिगाइतकी खात्रीची जागा दुसरी फारशी मिळाली नसती.

घरच्या स्पर्धेत घरचीच परीक्षक होती, हे योग्य होते का?

२०१७ च्या परीक्षक मंडळात तिघे होते : इंग्लंडचे संगीतकार जॉन रटर, स्विस संचालक निकोलस फिंक आणि लात्व्हियाची जगप्रसिद्ध ऑपेरा गायिका एलिना गारांचा. गारांचा या मूळच्या रिगाच्याच. आपल्याकडे आंतरशालेय समूहगीत स्पर्धेत परीक्षकांची मुलगी त्याच शाळेत शिकते असे कळले तरी पालकांत कुजबुज सुरू होते, त्यामुळे हा प्रश्न मराठी श्रोत्यांकडून यावा यात नवल नाही. मात्र निकाल पाहिला तर घरच्या वृंदाच्या पुढे दोन पाहुणे गेले, हे स्पष्ट आहे. प्रेक्षकांच्या मतदानाची पद्धत ठेवली असती तर शेजारधर्माच्या गुणांचा जो गोंधळ मुख्य गीतस्पर्धेत दिसतो, तो येथेही आलाच असता. निर्णय केवळ परीक्षकांवर सोपवला, हे बरेच झाले.

इतक्या लहान देशात एवढे गायनवृंद कसे काय?

लात्व्हियाची लोकसंख्या आज १९ लाखांच्या आसपास आहे. २०११ च्या जनगणनेत एकट्या ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांहून अधिक होती; म्हणजे एक संपूर्ण देश आपल्या ठाण्यात जवळजवळ मावतो. तरीही त्या देशाच्या राष्ट्रीय गीतमहोत्सवाला चाळीस हजारांहून अधिक गायक, नर्तक आणि वादक सहभागी होतात. २०२३ मध्ये या महोत्सवाला १५० वर्षे पूर्ण झाली तेव्हाचा हा आकडा आहे.

या परंपरेची सुरुवात १८७३ साली रिगामध्ये झाली. तेव्हा लात्व्हिया नावाचे राष्ट्र नव्हते. तो प्रदेश रशियन साम्राज्यात होता आणि जमीनजुमला व शहरांची सत्ता बव्हंशी जर्मनभाषक उमरावांकडे होती. लात्व्हियन ही शेतकऱ्यांची, घरकाम करणाऱ्यांची भाषा समजली जात असे. अशा भाषेत सुमारे एक हजार गायक राजधानीत एकत्र येऊन चार आवाजांत गातात, ही घटनाच राजकीय होती. आजचे लात्व्हियाचे राष्ट्रगीत कार्लिस बाउमानिस यांनी याच पहिल्या महोत्सवाच्या निमित्ताने रचले. शेजारच्या एस्टोनियाने आपला पहिला महोत्सव १८६९ मध्ये भरवला होता आणि लिथुएनियाचा १९२४ मध्ये सुरू झाला; तिन्ही देशांच्या या महोत्सवांना युनेस्कोने २००३ मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाचा दर्जा जाहीर केला.

लात्व्हियातील महोत्सव साधारणपणे दर पाच वर्षांनी भरतो, पण त्याची तयारी त्या पाचही वर्षांत चालू असते. गाण्यांचे संच आधी ठरतात. गावोगावचे वृंद ती गाणी शिकतात आणि मग त्यांची जिल्हावार परीक्षा होते. तीत पुरेसे गुण मिळाले तरच रिगाच्या मोठ्या मंचावर जागा मिळते. त्यामुळे एखाद्या खेड्यातील पोस्टमास्तर, शाळेतील बाई आणि दूधसंकलन केंद्रावरचा माणूस यांना वर्षानुवर्षे आठवड्यातून एकदा-दोनदा एकत्र बसून नोटेशन वाचावेच लागते. ‘स्पीगो’ किंवा ‘मास्का’ यांसारखा वृंद दूरचित्रवाणीवर तयारीचा वाटतो, त्याचे रहस्य त्या चार मिनिटांच्या गाण्यात नसून दर आठवड्याच्या या सरावात आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

समारोपाची मैफल रिगाच्या मेझापार्क्स या वनराईतील खुल्या मंचावर होते. तेथे दहा हजारांहून अधिक गायक एकाच वेळी उभे असतात. आवाज हवेतून सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे शंभर मीटर दूर असलेल्या सहगायकाचा सूर तुमच्या कानी यायला जवळपास एक तृतीयांश सेकंद लागतो. कानावर विसंबून गायले तर मागची रांग पुढच्या रांगेच्या मागे फरफटत जाईल. म्हणून तेथे प्रत्येक गायक कान बाजूला ठेवून संचालकाच्या हाताकडे पाहतो. संचालक उंच मनोऱ्यासारख्या चौथऱ्यावर चढतो, गळ्यात वा डोक्यावर ओकच्या पानांची माळ असते आणि त्याच्या हाताची हालचाल अगदी मोठी, कोपरापासून नव्हे तर खांद्यापासून होते.

‘गाण्यांची क्रांती’ म्हणजे काय आणि तिचा या स्पर्धेशी काय संबंध?

१९४० मध्ये सोव्हिएत संघाने हे तिन्ही बाल्टिक देश गिळंकृत केले. गीतमहोत्सव बंद पाडणे सोव्हिएत राजवटीला परवडणारे नव्हते. तिने ते चालू ठेवले आणि त्यांत लेनिन, पक्ष व श्रमिकांची स्तुती करणारी गाणी सक्तीने घातली. गायकांनी ती गायली आणि त्यांच्या आजूबाजूला आपली जुनी गाणीही जपली. १९८५ च्या महोत्सवात याझेप्स वितोल्स यांची ‘गाइस्मास पिल्स’ ही रचना कार्यक्रमातून वगळण्यात आली. जमिनीत गडप झालेला प्रकाशाचा किल्ला लोकांनी त्याचे खरे नाव उच्चारताच पुन्हा वर येतो, असा तिचा आशय. सत्ताधाऱ्यांना तो झोंबावा हे समजण्यासारखे आहे. पण गायकांनी आणि श्रोत्यांनी हट्ट धरला, ज्येष्ठ संचालक हाराल्ड्स मेड्निस यांना मंचावर बोलावले आणि ते गाणे गाऊनच सोडले.

त्यानंतरच्या चार-सहा वर्षांत एस्टोनिया, लात्व्हिया आणि लिथुएनियात जी बहुतांशी शांततामय स्वातंत्र्य चळवळ झाली, तिला जगाने ‘गाण्यांची क्रांती’ म्हटले. २३ ऑगस्ट १९८९ रोजी एस्टोनियातील टालिनपासून रिगामार्गे लिथुएनियातील व्हिल्नियसपर्यंत, सहाशे किलोमीटरहून लांब अंतरावर, सुमारे वीस लाख लोक हातात हात घालून उभे राहिले. १९९१ च्या ऑगस्टमध्ये लात्व्हियाचे स्वातंत्र्य प्रत्यक्षात आले.

गिरणगावात वाढलेल्या किंवा त्या काळाच्या गोष्टी घरात ऐकलेल्या वाचकाला यात परके वाटण्यासारखे काही नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जे केले, ते याच जातीचे काम होते. फरक आहे तो गाण्याच्या घडणीत. आपला शाहीर पुढे असतो आणि झीलकरी त्याला ‘जी जी’ची साथ देतात. लात्व्हियात पुढे कोणीच नसतो.

या इतिहासाचा स्पर्धेशी थेट संबंध नाही. परीक्षक इतिहासाला गुण देत नाहीत. पण या देशाच्या वाहिनीने पहिल्याच वर्षी यजमानपद का स्वीकारले आणि वृंदाच्या निवडीकडे तेथे एवढे लक्ष का दिले जाते, हे मात्र त्याशिवाय उमगत नाही.

स्पर्धेत कोणते गाणे गावे लागते?

२०१७ मध्ये प्रत्येक वृंदाला सहा मिनिटांपर्यंतचा अवधी होता. २०१९ मध्ये दोन फेऱ्या झाल्या : पहिल्या फेरीत चार मिनिटांपर्यंत, आणि त्यातून निवडलेल्या तीन वृंदांना अंतिम फेरीत आणखी तीन मिनिटे. रचना कोणतीही चालते, मात्र तीत आपल्या देशाचे वा प्रदेशाचे काही वैशिष्ट्य दिसले पाहिजे, अशी अट आहे.

ही अट वरकरणी सोपी दिसते. अनेक देश लोकगीताची एखादी ओळ घालून आणि भरतकामाचा पोशाख चढवून ती पूर्ण करतात. लात्व्हियापुढे अडचण उलटी असते, कारण निवडायला फार आहे. तेथील लोकगीताला ‘दाइना’ म्हणतात. ती बहुधा चार ओळींची असते, तिच्यात महाकाव्याचा नायक नसतो. सूर्य, बर्चचे झाड, सासर-माहेर, राईचे शेत, जन्म आणि मृत्यू असेच विषय बहुधा असतात आणि ती रचणाऱ्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने आहेत. क्रिश्यानिस बारोन्स यांनी एकोणिसाव्या शतकात अशा दाइना चिठ्ठ्यांवर उतरवून, लहान लहान कप्प्यांच्या एका लाकडी कपाटात विषयवार लावल्या आणि १८९४ ते १९१५ या काळात त्यांचे सहा खंड प्रसिद्ध केले. त्यांत दोन लाखांहून अधिक गीते आहेत. ते कपाट आजही रिगामध्ये आहे आणि युनेस्कोच्या ‘जागतिक स्मृती’ नोंदीत २००१ पासून समाविष्ट आहे. गी प्वातवँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रात जात्यावरच्या ओव्यांचा जो एक लाखाहून मोठा संग्रह उभा केला, त्याची ज्यांना माहिती आहे त्यांना या कपाटाचे मोल वेगळे सांगायला नको.

दाइना गाण्याची एक जुनी रीत लात्व्हियाच्या पश्चिम भागातील सुइती समाजात टिकून आहे. एक बाई ओळ म्हणते, दुसरी तिला उत्तर देते आणि बाकीच्या सगळ्या मिळून एकच स्वर ‘ए…’ असा लांबवत धरून ठेवतात. तानपुऱ्याच्या षड्जावर वाढलेल्या आपल्या कानाला हे लगेच आपले वाटते. या समाजाची संस्कृती युनेस्कोने २००९ मध्ये तातडीने जतन करण्याच्या यादीत घेतली. आजचे लात्व्हियन संगीतकार हा धरलेला स्वर घेऊन त्याभोवती आधुनिक हार्मनी विणतात. एरिक्स एशेनवाल्ड्स यांच्या रचना जगभरातील वृंद गातात त्यामागे हे मिश्रणही आहे.

परीक्षक नेमके काय ऐकतात? सगळे एकत्र गातात, मग डावे-उजवे कसे ठरवायचे?

हा प्रश्न आपल्याकडून सर्वाधिक येतो आणि त्याचे कारण आपल्या शाळांत आहे. आपण समूहगीत म्हणतो तेव्हा पेटी, तबला आणि तीस मुले एकच चाल एकाच सुरात म्हणतात. तेथे सगळे ‘एक’ ऐकू आले की काम झाले. युरोपीय वृंदात एकाच वेळी सहसा चार वेगळ्या चाली चालू असतात : सोप्रानो, आल्टो, टेनर आणि बास. केवळ मुलींच्या वृंदात सोप्रानो आणि आल्टो यांचेच आणखी भाग पाडतात.

पहिली कसोटी सुराची. ती किती अवघड आहे हे पाहायचे असेल तर घरी एक प्रयोग करून पाहता येईल. सात-आठ जणांनी पेटीवर पांढरी एकचा सूर घ्यावा, पेटी बंद करावी, पाठ असलेला कोणताही चार कडव्यांचा अभंग टाळ-मृदंगाशिवाय संथ लयीत म्हणावा आणि संपताच तीच पट्टी पुन्हा दाबावी. बहुतेक वेळा सूर अर्ध्या पट्टीने खाली आलेला असतो आणि म्हणताना एकालाही ते कळलेले नसते. साथीशिवाय गाणाऱ्या वृंदाला हा उतार चार मिनिटे रोखून धरायचा असतो, तोही चार वेगळ्या चाली एकमेकींना खेचत असताना.

दुसरी कसोटी श्वासाची. लांब स्वर अखंड ऐकू यावा म्हणून शेजारी शेजारी उभे असलेले गायक कधीही एकाच वेळी श्वास घेत नाहीत. एकाने शब्दाच्या मध्येच हळूच आवाज मागे घ्यायचा, श्वास भरायचा आणि कोणाला न कळता परत मिसळायचे. श्वास शब्दाच्या शेवटी घ्यावा असे आपल्याला लहानपणापासून शिकवलेले असते, त्यामुळे आपल्या गायकांना ही सवय लागायला वेळ लागतो. तिसरी कसोटी स्वरांच्या उच्चाराची. तीस जणांचा ‘आ’ तीस प्रकारचा असला तर सूर बरोबर असूनही आवाज धूसर होतो. बाकी लय, भाव, शब्दार्थ आणि मंचावरील वावर हे आहेच.

दूरचित्रवाणीने यात एक नवी पंचाईत केली आहे. कॅमेरा सवयीने चेहरा शोधतो आणि वृंदाचे सारे कौशल्य एकही चेहरा वेगळा न ऐकू देण्यात असते. ध्वनिमुद्रण पाहताना कॅमेरा एखाद्या मुलीवर गेला की आपण नकळत तिचाच आवाज शोधू लागतो. म्हणून पहिल्यांदा डोळे मिटून ऐकावे आणि दुसऱ्यांदा पाहावे, असे मी सुचवीन.

२०१९ मध्ये स्पर्धेचा बाज बदलला, असे म्हणतात. ते खरे आहे का?

बऱ्याच अंशी खरे आहे. जॉन रटर दुसऱ्या पर्वातही परीक्षक होते, पण त्यांच्या जोडीला अमेरिकेचे डीक शॅरन आणि स्वीडनच्या कातारिना हेन्रिकसन हे दोघे आले. दोघांचेही नाव साथीविना गायल्या जाणाऱ्या पॉप आणि जॅझ प्रकाराशी जोडलेले आहे. विजेता ‘व्होकल लाइन’ हा याच प्रकारात मुरलेला वृंद आणि ‘याझ्वा’च्या (Jazzva) तर नावातच जॅझ आहे. वाद्यांचे काम गळ्याने करणे, मायक्रोफोनचा जाणीवपूर्वक वापर, हालचाल, यांना या पर्वात अधिक वाव मिळाला.

पारंपरिक समूहगायनाच्या चाहत्यांना हे रुचले नाही. मला स्वतःला पहिल्या पर्वाचा संयम अधिक भावला, पण दुसऱ्या पर्वात लात्व्हियाने ‘मास्का’सारखा वृंद उतरवून अंतिम तिघांत स्थान मिळवले, यावरून त्या देशाकडे एकाच साच्याचे वृंद नाहीत हे मात्र कबूल करावे लागते. मुलींच्या वृंदाने जे स्थान मिळवले तेच दोन वर्षांनी संपूर्ण वेगळ्या घडणीच्या वृंदाने मिळवले.

दोनदा तिसरा क्रमांक, मग लात्व्हिया समूहगायनात सर्वश्रेष्ठ कसा म्हणायचा?

म्हणू नये. ‘सर्वश्रेष्ठ’ हे मोजमापच येथे बसत नाही. स्लोव्हेनिया दोन पर्वांत एकदा पहिला आणि एकदा दुसरा आला; निकालाच्या हिशेबाने तोच पुढे आहे. शिवाय लात्व्हियाचे सर्वांत नावाजलेले वृंद, उदाहरणार्थ १९४० मध्ये स्थापन झालेला लात्व्हियन रेडिओ कॉयर, व्यावसायिक असल्यामुळे या स्पर्धेच्या कक्षेतच येत नाहीत. देशाची ताकद त्याच्या तळाशी किती लोक गातात यात असते आणि ती तिसऱ्या क्रमांकाने कमी वा पहिल्या क्रमांकाने जास्त होत नाही. निकालाच्या रात्री पहिला-दुसरा करणे ही दूरचित्रवाणीची गरज आहे, तिचा मान राखावा आणि पुढे ऐकत राहावे.

भारत या स्पर्धेत भाग घेऊ शकतो का?

सध्याच्या रचनेत नाही. महासंघाचे पूर्ण सदस्यत्व युरोपीय प्रसारण क्षेत्रातील किंवा युरोप परिषदेच्या सदस्य देशांतील प्रसारण संस्थांनाच मिळते आणि भारत या दोहोंत बसत नाही. ऑस्ट्रेलिया मुख्य गीतस्पर्धेत २०१५ पासून गातो, मग आपण का नाही, असे कोणीतरी विचारतेच. तो खास निमंत्रणाचा प्रकार आहे आणि त्यामागे तेथील एसबीएस वाहिनीने कित्येक वर्षे ती स्पर्धा दाखवल्याचा इतिहास आहे.

मग मुंबईतील वृंदाला आंतरराष्ट्रीय मंचावर जायचे असेल तर मार्ग कोणता?

वर्ल्ड कॉयर गेम्सचा. २००० साली ऑस्ट्रियातील लिन्झ येथे सुरू झालेला हा मेळावा ‘इंटरकुल्टुअर’चाच आहे आणि त्यात देशाची वाहिनी लागत नाही; वृंद थेट अर्ज करतो. मेघालयातील शिलाँग चेंबर कॉयरने २०१० मध्ये चीनमधील शाओशिंग येथे याच मेळाव्यात तीन सुवर्णपदके मिळवली आणि त्याच वर्षी एका हिंदी वाहिनीवरील कौशल्य स्पर्धाही जिंकली. तेथे पदक ठरावीक गुणमर्यादेनुसार मिळते, त्यामुळे एकाच गटात अनेकांना सुवर्ण मिळू शकते, हे निकाल वाचताना ध्यानात ठेवावे. खर्च मात्र वृंदाने स्वतःच उभा करायचा असतो आणि खरी गाडी तेथेच अडते.

मुंबईत गाण्याची जमीन नाही असे अजिबात नाही. व्हिक्टर परांजोती यांनी १९५० च्या दशकात सुरू केलेला परांजोती अकादमी कोरस आजवर अनेकांना घडवत आला आहे. त्याच दशकात सलील चौधरी यांनी बॉम्बे यूथ कॉयरच्या माध्यमातून भारतीय भाषांत चार आवाजांचे गाणे आणले. वांद्रे-वसई पट्ट्यातील चर्चमध्ये मराठी उपासना संगीत अनेक आवाजांत गायले जाते. उणीव आहे ती मराठी रचनांची. चार आवाजांसाठी नीट बांधलेल्या, नोटेशनसह उपलब्ध असलेल्या मराठी रचना शोधू लागलो तर हाती फार थोडे लागते आणि स्पर्धेत जर आपल्या प्रदेशाचे वैशिष्ट्य दाखवायचे असेल तर सुरुवात प्रवासखर्चाच्या वर्गणीपासून न करता रचनेपासून करावी लागेल. ओवी, गौळण आणि भारूड यांत त्यासाठी भरपूर ऐवज पडून आहे. रागातील वर्ज्य स्वर सांभाळून हार्मनी बसवणे सोपे नसले तरी त्यावर काम झालेच नाही असेही नाही.

लात्व्हियाचा गीतमहोत्सव प्रत्यक्ष पाहायला जाता येईल का?

येईल. २०१८ आणि २०२३ नंतरचा महोत्सव २०२८ च्या उन्हाळ्यात अपेक्षित आहे. लात्व्हिया शेंगेन क्षेत्रात असल्याने शेंगेन व्हिसा लागतो. समारोपाच्या मैफलीची तिकिटे अतिशय लवकर संपतात, कारण देशाबाहेर स्थायिक झालेले लात्व्हियन लोकही त्यासाठी घरी परततात. ती न मिळाल्यास हिरमुसून जाऊ नये : समारोपाच्या आधी त्याच मंचावर, त्याच दहा-बारा हजार गायकांसह रंगीत तालीम होते आणि तिलाही तिकीट काढून बसता येते. शिकण्याच्या दृष्टीने तीच अधिक उपयोगाची, कारण तेथे संचालक मध्येच थांबवतात, एखाद्या आवाजाला एकटेच गायला लावतात आणि चूक दुरुस्त करून पुन्हा पहिल्यापासून घेतात.